गाळाचा जबाब नोंदवा

नदी प्रदूषित आहे की नाही, हे सरकारदरबारी पाण्याच्या बाटलीवरून ठरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ वर चढला. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच. ही यादी लागते बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्यावरून. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा यादीत. सांडपाण्यासाठी हे माप ठीक आहे. पण पारा, कॅडमिअम, शिसं, क्रोमिअम हे काही कुजत नाहीत. त्यामुळे या मापाला ते दिसतही नाहीत.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या नदीचा गाळ आणि त्या गाळात राहणारे किडे, शिंपल्या, कालवं, खेकडे तपासल्याशिवाय तिच्याबद्दलचा कुठलाही निकाल पुरा धरू नये. बोलायला उल्हास, वालधुनी आणि ठाण्याची खाडी घेतो. राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण असं करत वसईच्या खाडीला मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरचं पाणी वालधुनी तिच्यात आणून सोडते. शेजारच्या ठाण्याच्या खाडीच्या काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकापासून उभा आहे. मुद्दे इथले असले तरी मुळा-मुठा, पंचगंगा, गोदावरी कुठलीही नदी घ्या, फारसा फरक पडणार नाही.

१. पाण्याची बाटली अर्धीच गोष्ट सांगते

नाल्यातून आलेला धातू पाण्यात फार काळ राहत नाही. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला पालापाचोळा, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडची पुटं यांना तो चिकटतो आणि प्रवाह मंदावला की त्यांच्यासोबत तळाला बसतो. म्हणून वरच्या पाण्यात धातू लिटरमागे मायक्रोग्रॅमांत मोजावा लागतो, तर खालच्या गाळात किलोमागे मिलिग्रॅमांत. हजारपटीचा फरक असा पडतो.

रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत पुढे निघून जातं. नमुना घेणारा कर्मचारी कामाच्या वेळात येतो, बाटली भरतो, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं छापून येतं. त्यात तो खोटं काही लिहीत नाही, त्याच्या बाटलीत खरंच काही नसतं. २०१४ मध्ये वालधुनीत टँकरने रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ती घटना कळली, कारण वायूने लोकांचा घसा धरला. कॅडमिअमला वास नाही, पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नाही. ते रोज आलं तरी कोणी नाकाला रुमाल लावणार नाही.

पाणी म्हणजे आज हातात असलेली रोकड, गाळ म्हणजे पासबुक. हिशेब कुठल्या कागदावरून तपासायचा, हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही.

२. कारखाना बंद झाला तरी गाळ बंद होत नाही

कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे सेल वापरत. मुंबई-ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हा उद्योग होता. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला. उल्हासच्या मुखाशी साचलेल्या गाळातल्या पाऱ्यावर त्याच संस्थेतून २००३ मध्ये पुन्हा लिहिलं गेलं. म्हणजे ही माहिती नवी नाही, गुप्त तर मुळीच नाही.

२००३ मध्ये उद्योग आणि सरकार यांच्यात पाऱ्याचे सेल २०१२ पर्यंत मोडीत काढायचं ठरलं. पाऱ्यावरच्या मिनामाता करारालाही भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. पावलं योग्य पडली, त्याबद्दल वाद नाही. पण नळ बंद केल्याने तळाशी साचलेलं नाहीसं होत नाही. शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये थांबलं, तरी त्या काळात गाड्यांच्या धुरातून पडून नाल्यांवाटे आलेलं शिसं खाडीच्या थरांत आहे. गाळात उभी नळी खुपसून गाभा काढला आणि शिसे-२१० या समस्थानिकावरून थरांची वयं लावली, तर कुठल्या दशकात काय आलं ते वाचता येतं. जबाबदारी ठरवायला याहून निःपक्ष साक्षीदार मिळणार नाही. हा साक्षीदार उभा करायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

३. गाळ खाणाऱ्याच्या पोटात काय होतं

“गाळात अडकलंय ना, मग अडकू द्या” असं म्हणणारे अभियंते भेटतात. गाळ निर्जीव असता तर हे म्हणणं चाललं असतं.

ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर बारीक भोकं दिसतात. प्रत्येक भोकाखाली कोणीतरी राहतं. त्यांतला बहुशूक नावाचा किडा गाळ गिळतो, त्यातलं सेंद्रिय अन्न काढून घेतो आणि उरलेला गाळ मागे टाकतो. त्याच्या आतड्यातल्या रसात अमिनो आम्लं असतात. साध्या पाण्याने मातीच्या कणावरून न सुटणारं तांबं हा रस सोडवून घेतो. म्हणून प्रयोगशाळेत गाळ पाण्यात ढवळून “धातू सुटत नाही” असं सिद्ध करणं म्हणजे किड्याचं पोट हिशेबात न धरणं.

शिंपली, खुबा, कालव यांची तऱ्हा वेगळी. ते पाणी कल्ल्यांतून गाळतात. मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात उचलला गेलेला बारीक गाळ, शेवाळाच्या पेशी, विरघळलेला धातू असं सगळं त्या कल्ल्यांवरून जातं. आत शिरलेल्या धातूला शरीर दोन तऱ्हांनी आवर घालतं. मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं त्याला बांधून ठेवतात, किंवा पेशींमध्ये त्याचे बारीक खडे करून बाजूला ठेवले जातात. कालवं जस्त आणि तांबं इतकं साठवतात की जास्त तांब्याच्या पाण्यातल्या कालवांचं मांस हिरवट दिसतं. खेकडा आणि कोळंबी यांच्या रक्तातच तांबं असतं, त्यामुळे तांबं-जस्त ते बऱ्यापैकी आवाक्यात ठेवतात. कॅडमिअमवर मात्र त्यांचा ताबा चालत नाही. ते त्यांच्या पोटातल्या पिवळट-तपकिरी गरात साठतं, आणि खेकडा चवीने खाणारा तोच गर आधी बोटाने काढतो.

घरोघरी शिंपल्या आणल्या की मिठाच्या पाण्यात ठेवायची पद्धत आहे. तोंडं उघडतात, वाळू सुटते, सार दाताखाली कचकचत नाही. पद्धत चांगलीच आहे. वाळू सुटते, आतड्यातला गाळही थोडा सुटतो. मांसात बांधला गेलेला धातू मात्र एका रात्रीत सुटत नाही. उकळल्याने जंतू मरतात, कॅडमिअम मरत नाही.

४. सगळे धातू एकाच वाटेने जात नाहीत

“लहान माशातून मोठ्या माशात आणि मोठ्यातून माणसात विष वाढत जातं” हे वाक्य शाळेपासून पाठ आहे. ते पाऱ्याला लागू पडतं. ऑक्सिजन नसलेल्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि ते अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढतं. म्हणून पाऱ्यासाठी मोठा शिकारी मासा तपासायचा.

कॅडमिअम, शिसं, तांबं यांचं बहुधा असं होत नाही. ते साखळीत वर चढताना वाढायच्या ऐवजी बरेचदा घटतात. त्यांचा सर्वांत मोठा साठा सापडतो तो खालच्याच पायरीवर, शिंपल्या, कालवं आणि गाळातल्या किड्यांत. आता कल्पना करा, एखाद्या पाहणीत बाजारातली सुरमई आणि रावस तपासले आणि “खाडीत कॅडमिअम नाही” असा निष्कर्ष काढला. तपासणी प्रामाणिक, निष्कर्ष निरर्थक. सुरमई खाडीच्या चिखलात राहत नाही आणि चिखल खातही नाही. कुठल्या धातूसाठी कोणता जीव तपासला, हे अहवालात पहिल्या पानावर लिहिलेलं असलं पाहिजे.

५. जीव जगतोय म्हणजे गाळ चांगला, हे खरं नाही

ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत गेली. दोन्ही निर्णय स्वागताचे. पण त्यानंतर एक युक्तिवाद सर्रास ऐकू येतो: “फ्लेमिंगो आलेत, म्हणजे खाडी सुधारली.” शेवाळ भरपूर असेल तर फ्लेमिंगो येतात, आणि सांडपाण्याने शेवाळ फोफावतं. पक्ष्यांची संख्या हा गाळातल्या धातूंचा दाखला होऊ शकत नाही.

याचा धडा अमेरिकेतल्या फाउंड्री कोव्हने दिलाय. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी कोल्ड स्प्रिंग गावाजवळ ही छोटी खाडी आहे. १९५० च्या दशकापासून १९७९ पर्यंत तिथल्या बॅटरी कारखान्याने कॅडमिअम आणि निकेल असलेलं सांडपाणी तिच्यात सोडलं. नळाच्या तोंडाशी कॅडमिअमचं प्रमाण इतकं होतं की त्याला गाळ म्हणावं की खनिज, असा प्रश्न पडावा. तरी त्या गाळात लिम्नोड्रिलस नावाचे गांडुळासारखे बारीक किडे खुशाल जगत होते. स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की जे सहन करू शकले तेच उरले होते, आणि अवघ्या काही दशकांत सबंध वस्तीच कॅडमिअम पचवणारी झाली होती. हे किडे मरत नव्हते, धातू अंगात साठवत होते. त्यांना खाणाऱ्या कोळंबीला त्यातून जास्त मात्रा मिळत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर गाळ उपसून काढला, आणि नऊ ते अठरा पिढ्यांत त्या किड्यांची ती ताकद ओसरली.

किड्यांची संख्या मोजून थांबलात तर उलटा निष्कर्ष निघेल. संख्या मोजा, जाती मोजा, आणि त्यांच्या अंगात काय आहे तेही मोजा.

६. ‘मर्यादेत’ या शब्दामागचं गणित

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यातल्या कॅडमिअमची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ०.००३ मिलिग्रॅम. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकच नाही, हे मान्य. तरी हिशेब करून बघू. दिवसाला एक कोटी लिटर सांडपाणी या मर्यादेत राहून सोडलं, तर रोज २० किलो, वर्षाला ७.३ टन कॅडमिअम कायदेशीरपणे नदीत जाऊ शकतं. इतकं कोणी सोडत असल्याचा हा आरोप नाही. कायद्याने दार किती उघडं ठेवलंय, एवढंच यातून दिसतं.

खोट अशी की नियम तीव्रता मोजतो, भार मोजत नाही. तीव्रता कमी करायला पाणी मिसळलं की पुरतं. गाळाला तीव्रतेशी देणंघेणं नाही, त्याच्याकडे एकूण किलो जमा होतात.

दुसरी खोट पाण्याच्या वर्गवारीत. केंद्रीय मंडळाच्या पाच वर्गांपैकी चौथा वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठी आहे. त्याच्या कसोट्या तीन: सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि मुक्त अमोनिया. मासळीसाठी राखलेल्या पाण्याच्या कसोटीत एकही जड धातू नाही. गाळासाठी तर देशात बंधनकारक मानकच नाही. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या गाळासाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांत कॅडमिअमच्या दोन पातळ्या आहेत. किलोमागे ०.९९ मिलिग्रॅमच्या खाली अपाय संभवत नाही, ४.९८ च्या वर तो बहुतेक होतोच. युरोपीय संघाने पाण्यातल्या प्राण्याच्या अंगातल्या पाऱ्यालाही किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे कायद्याला गाळ आणि जीव दिसू शकतात, आपल्या कायद्याने अजून तिकडे बघितलेलं नाही.

७. परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नका

इथे पर्यावरणवाद्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. त्याच अमेरिकी निकषांत तांब्याची खालची पातळी किलोमागे ३१.६ मिलिग्रॅम आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मुळातच त्याहून जास्त तांबं असतं. क्रोमिअम आणि निकेलचंही थोडंफार तसंच. हा आकडा आंधळेपणाने लावला तर कोकणातला अगदी निर्मळ ओढाही गुन्हेगार ठरेल, आणि कारखान्याचा वकील पहिल्याच तारखेला ‘हे तर दगडातूनच येतं’ म्हणून सुटेल. गोव्यात मांडवी-झुआरीच्या गाळात लोह-मँगनीज खनिजाचा अंश आहे, तिथली पायाभूत पातळी आणखी वेगळी.

उपाय अवघड नाही. वस्ती आणि कारखाने यांच्या वरच्या अंगाचा गाळ घ्या, खोल गाभ्यातला उद्योगपूर्व काळाचा थर घ्या, आणि त्यावरून इथली नैसर्गिक पातळी ठरवा. गाळ चाळून ६३ मायक्रॉनखालचे कण तपासा, धातूचं ॲल्युमिनिअमशी गुणोत्तर काढा, म्हणजे वाळू जास्त की चिकणमाती जास्त यामुळे होणारा घोळ टळतो. पारा, कॅडमिअम आणि शिसं यांच्या बाबतीत मात्र कातळाच्या मागे फार वेळ लपता येणार नाही.

८. उपसलेला गाळ जातो कुठे

पावसाळ्याआधी नालेसफाई होते. किती टन गाळ काढला याचे आकडे जाहीर होतात, त्यावर बिलं निघतात, त्यावरून सभागृहात गदारोळही होतो. त्या टनांत धातू किती, हा रकाना जाहीर आकड्यांत नसतो.

काळ्या, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या चिखलात सल्फाइड असतं. ते धातूंना घट्ट धरून ठेवतं. हा चिखल उपसून उघड्यावर टाकला की हवेतल्या ऑक्सिजनने सल्फाइड मोडतं आणि धातू मोकळे होतात. खाडीत आणखी एक भर पडते. नदीच्या गोड्या पाण्यात मातीला धरून असलेलं कॅडमिअम खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवून पाण्यात उतरतं, म्हणजे नेमकं कालवं आणि शिंपल्या राहतात तिथे. त्यामुळे ‘सगळा गाळ काढा’ ही मागणी जितकी लोकप्रिय, तितकीच धोक्याची. काही ठिकाणी गाळ काढून सुरक्षित ठिकाणी पुरावा लागेल, काही ठिकाणी तो न ढवळता वर स्वच्छ मातीचा थर देणं शहाणपणाचं ठरेल. निर्णय तपासणीनंतर व्हावा, निविदेनंतर नाही.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. दुष्काळी गावातल्या पाझर तलावाचा गाळ शेतात टाकणं हे शेतकऱ्याच्या फायद्याचंच आहे, त्याला विरोध नाही. पण औद्योगिक शहरांच्या खालच्या अंगाच्या जलाशयांना तोच नियम लावू नये. उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. तिथला गाळ शेतात जाण्याआधी त्याची धातूंची तपासणी सक्तीची हवी. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यातून कॅडमिअम भातखाचरांत उतरलं आणि तोयामा प्रांतात इताई-इताई या हाडं मोडणाऱ्या रोगाने घरंच्या घरं ग्रासली. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं, तोवर एक पिढी अंथरुणाला खिळून झाली होती.

९. तपासणीचा भुर्दंड कोळणीच्या पाटीवर नको

सर्वांत गंभीर आक्षेप कोळीवाड्यातून येतो, आणि तो रास्त आहे. “तुम्ही शिंपल्या तपासणार, पेपरात छापून येणार, दुसऱ्या दिवशी आमच्या पाटीला हात लावायला कोणी येणार नाही. ज्यानं घाण सोडली त्याचं काय जाणार?” ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खुबे आणि शिवल्या वेचणाऱ्या बाईचं नाव बहुधा कुठल्याही बोटीच्या परवान्यावर नसतं. नुकसानभरपाईची यादी परवान्यांवरून निघाली तर ती त्यात बसतच नाही.

पण न तपासण्याचा भुर्दंडही तिच्याच घरावर आहे. पाटीत उरलेलं घरी शिजतं. आठवड्यात चार दिवस खाडीचं खाणारं घर कोणतं आणि महिन्यातून एकदा हॉटेलात खाणारं कोणतं, हे सांगायला नको. निर्यातीच्या मासळीची जड धातूंसाठी तपासणी होते, कारण परदेशी ग्राहक माल परत पाठवतो. कॅडमिअमची शिंपल्यांतली मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे, किलोमागे २ मिलिग्रॅम. युरोपात ती १ मिलिग्रॅम आहे. नियम पुस्तकात असताना खाडीकाठच्या बाजाराला त्याचा लाभ का मिळू नये?

म्हणून तपासणी आणि भरपाई यांची गाठ एकाच आदेशात बांधावी. एखाद्या पट्ट्यातला माल मर्यादेबाहेर निघाला तर तिथे वेचणी थांबवावी, आणि त्याच दिवसापासून वेचणाऱ्यांना पैसे सुरू व्हावेत. वेचणाऱ्या बायकांची नोंद कोळीवाड्यांच्या संस्थांमार्फत आधीच व्हावी. जो पट्टा स्वच्छ निघेल त्याचा दाखला मासळीबाजारात लावावा. चांगल्या मालाला तो दाखला भावही मिळवून देईल.

१०. उशीर महाग पडतो

फ्रान्समध्ये झिरोंदच्या मुखाशी कालवांत कॅडमिअम सापडलं. माग काढत गेल्यावर तो शेकडो किलोमीटर वर, लॉट नदीच्या एका छोट्या उपनदीकाठी जस्त शुद्ध करणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचला. १९८७ मध्ये तिथलं ते काम थांबलं, तरी वाटेतल्या धरणांमागे साचलेला गाळ पुढे वर्षानुवर्षं कॅडमिअम सोडत राहिला आणि झिरोंदची कालवं खाण्यालायक झाली नाहीत. चोर पकडून दिला तो कालवांनीच.

जपानमधल्या मिनामातात १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेच्या रोगाची अधिकृत नोंद झाली. मासे आणि शिंपल्या खाऊन माणसं झिजली. पुढे १९७७ ते १९९० या काळात तिथल्या आखातातून सुमारे १५ लाख घनमीटर पारायुक्त गाळ काढून बंदिस्त करावा लागला. खर्च सुमारे ४८.५ अब्ज येन.

आपल्याकडे उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये जबाबदार संस्थांना ९५ कोटी रुपये भरायला सांगितलं. नदी पूर्ववत करण्यासाठी ही रक्कम होती. मग प्रश्न उरतोच: नदी पूर्ववत झाली हे ठरवणार कशावरून? पुन्हा बाटलीवरूनच?

११. मागण्या

एक: उल्हास, वालधुनी, काळू या नद्या आणि ठाण्याची खाडी यांवर कायमची ठिकाणं ठरवून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गाळाची तपासणी व्हावी. निकाल महापालिकांच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळांवर मराठीत, ठिकाणवार लागावेत.

दोन: त्याच ठिकाणी शिंपल्या आणि कालवांची वार्षिक पाहणी व्हावी. एकाच मापाचे जीव घ्यावेत, पोट रिकामं होऊ द्यावं, मग मांस तपासावं. अमेरिकेत किनाऱ्यावर अशी पाहणी १९८६ पासून चालू आहे.

तीन: गाळाचं राज्यस्तरीय मानक इथल्या कातळाची नैसर्गिक पातळी धरून ठरवावं.

चार: धातूंच्या अहवालाशिवाय औद्योगिक पट्ट्यातला गाळ एका जागेवरून दुसरीकडे हलवू नये.

पाच: कारखान्यांच्या आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या परवान्यात धातूंचा वार्षिक एकूण भार लिहावा, नुसती तीव्रता नको.

सहा: वेचणी थांबवण्याचा आदेश भरपाईच्या आदेशाविना काढू नये.

यातल्या कशासाठीही परदेशी यंत्रणा आणायची गरज नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातच आहे. समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र आणि केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईत आहेत. पवईत आयआयटी आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्र तर खाडीच्याच काठावर उभं आहे. तळातल्या जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत केंद्रीय मंडळाच्या स्वतःच्या कागदपत्रांत आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत, पद्धत आहे. त्यांना कामाला लावणारा आदेश तेवढा नाही.

तो आदेश आपणहून निघणार नाही. म्हणून वाचकांना विनंती अशी: आपल्या प्रभागातून जाणाऱ्या नदी-नाल्याबद्दल माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा आणि चारच गोष्टी विचारा. गाळाची धातूंसाठी शेवटची तपासणी कधी झाली? कुठल्या ठिकाणी? कोणता जीव तपासला? उपसलेला गाळ कुठे टाकला? उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर तो कागद जपून ठेवा, नगरसेवकाला दाखवा, पुढच्या जनसुनावणीत वाचून दाखवा. तपासणीच झालेली नाही, हे सरकारने स्वतः लिहून दिल्याचा तो पुरावा असेल, आणि पुढची मागणी त्याच्याच आधारावर करता येईल.